ज्याला सापडले त्याचेही नाव पाहिजे

परवा गुरुजींनी आम्हांला जीवाश्मांची माहिती सांगितली. प्राणी मेला, चिखलात गाडला गेला की फार फार वर्षांनी त्याच्या हाडांचा दगड होतो. त्याला जीवाश्म म्हणतात.

इंग्लंडात समुद्रकाठी लाइम रेजिस नावाचे गाव आहे. तिथे १७९९ साली मेरी ॲनिंग जन्मली. तिचे वडील सुतार होते. ते १८१० साली वारले. घरावर कर्ज होते. मेरी व तिचा भाऊ जोसेफ कड्याखाली जीवाश्म शोधून विकत. १८११ साली जोसेफला एक भले मोठे डोके सापडले. लोकांना वाटले, मगर आहे. पुढच्या वर्षी मेरीने बाकीचा सांगाडा शोधला. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांचीच होती. ती मगर नव्हतीच! तो सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा इक्थिओसॉर होता. त्याचे डोके आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

पण १८१४ साली एका मोठ्या डॉक्टरांनी त्याच्यावर लेख लिहिला, त्यात मेरीचे नावच नाही! मला लई राग आला.

आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "ज्याने ओळखले तो मोठा." ओळखणारा मोठा आहेच. पण सापडलेच नसते तर त्याने ओळखले काय असते? जोसेफचेही नाव पाहिजे. सांगाडा खणून काढायला मजूर लावले होते, त्यांचेही पाहिजे. माझे वडील विहिरीच्या कामावर जातात. विहिरीवर नाव मालकाचे लागते, खणणाऱ्याचे नाही.

मला बाभळीखाली सुगरणीचा खोपा सापडला. तो मी शाळेत दिला. कपाटात चिठ्ठी आहे, 'सुगरणीचा खोपा'. कोणी आणला ते नाही. मोराचे पीस, शंख, सापाची कात यांचेही तसेच. गुरुजी, सगळ्या चिठ्ठ्यांवर नावे घालू या का? मी लिहीन, माझे अक्षर बरे आहे.

लाइम रेजिसमध्ये मेरीचा पुतळा नव्हता. शाळेत जाणाऱ्या एका मुलीने तो मागितला, आणि २०२२ साली पुतळा उभा राहिला. म्हणजे लहानांनी मागितले तरी मिळते.

आणि पालकांनो, आम्ही खिशातून दगड आणला तर लगेच फेकू नका. आधी बघा तरी!

— इयत्ता ४ थी