श्रुती मोजणारी सांगली आणि आयते संशोधन

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पाठीशी ना विद्यापीठ, ना अनुदान. तरीही बावीस श्रुती ग्रंथात वाचून ते थांबले नाहीत. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा गळा त्यांनी मोजमापाच्या कसोटीला लावला आणि १९१० मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. पुढे ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियम सिद्ध झाले. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत त्यावर वाद रंगला. देवलांचे सारेच गणित सर्वमान्य झाले नाही. पण ते तपासता आले, कारण आपण काय मोजले हे त्यांनी उघड सांगितले होते. संशोधन म्हणतात ते यालाच!

आज त्याच खाँसाहेबांचे गाणे विद्यार्थ्याच्या खिशातल्या भ्रमणध्वनीत आहे. पण ते १९०५ च्या सुमारास मुद्रित झालेले की १९३० च्या दशकातले? मूळ तबकडी कोणती? ती कोणत्या गतीने फिरवून उतरवली? हे प्रश्न तो विचारीत नाही, कारण ते विचारायला त्याला कोणी शिकवलेच नाही. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्याच असत असे नाही. गतीत सुमारे सहा टक्क्यांची वाढ झाली, की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. अशा मुद्रणावरून गायकाची पट्टी ठरवणारा प्रबंध गायकाविषयी बोलतो की यंत्राविषयी?

दोष संगणकाचा नव्हे. 'शोधगंगा'वर देशभरातील प्रबंध घरबसल्या वाचता येतात, ही मोठीच सोय आहे. परंतु सोय म्हणजे साधना नव्हे. एका प्रबंधातली चूक दुसऱ्याने उतरवली, दुसऱ्यातली तिसऱ्याने, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता तीच चूक सफाईदार भाषेत परत करते. परीक्षक मात्र पृष्ठसंख्या मोजून समाधानी!

विद्यापीठांनी संगीताच्या अभ्यासक्रमात स्रोतपरीक्षणाचा स्वतंत्र, प्रात्यक्षिकासह विषय अनिवार्य केला पाहिजे. तबकडीची नोंद कशी करावी, हस्तलिखित कसे पडताळावे, वृद्ध कलावंताची मुलाखत कशी घ्यावी, हे वर्गात शिकवावे. सांगलीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर मिरज आहे. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी काढणारा कारागीर नादाविषयी जे जाणतो, ते कोणत्याही संकेतस्थळावर सापडणार नाही. तो हात आहे तोवर त्याच्यापाशी जाऊन बसावे लागेल. परंपरेचा नुसता अभिमान पुरेसा नाही. ती पुराव्यानिशी सांगता आली पाहिजे. देवलांच्या सांगलीने एवढा आग्रह तरी धरावा!