नव्या एसएमपीएसचा काय दोष?

दुरुस्ती या शब्दाचा अर्थ आपल्याकडे हळूहळू बदलत चालला आहे. पंखा, मोबाइल, कॉम्प्युटर, काहीही बंद पडले की "हा पार्ट गेला, बदलून टाका" असे ऐकायला मिळते आणि आपण मान डोलावतो. बदललेला भाग बसवूनही वस्तू चालली नाही तर शेजारचा भाग बदलायचा. याला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही. हा नुसता अंदाज आहे आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे घरातले लोक भरतात.

माझे हे मत दिवाळीच्या सुट्टीत पक्के झाले. जबलपूरच्या जुन्या शहरात, दीक्षितपुऱ्यात माझी आत्या राहते. मोहल्ल्यातल्या लोकांचे अर्ज टाइप करणे, परीक्षेचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाइन भरणे हे काम ती घरूनच करते. तिच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस जळाला. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधली ती लोखंडी पेटी, जी घरातली 230 व्होल्टची वीज घेते आणि आत 12, 5 आणि 3.3 व्होल्ट पुरवते. मेकॅनिकने नवा बसवला. पंखे फिरले, पण स्क्रीन काळाच राहिला. त्याने दोन मिनिटांत निकाल दिला, "एसएमपीएस तो नया है, मतलब मदरबोर्ड गया." खर्च साडेसहा हजार. वर कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. त्यावर तो म्हणाला, "इतना तो आता ही है." एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मला तीन दिवस उरले होते. आत्या मदरबोर्डसाठी पैसे काढायच्या तयारीत होती.

आता जरा विचार करा. पंखे फिरतात ही छोटी गोष्ट नाही. कॉम्प्युटरचे पुढचे बटण थेट वीज सुरू करत नाही. ते मदरबोर्डला फक्त इशारा देते. मग मदरबोर्ड हिरव्या वायरवरून एसएमपीएसला "सुरू हो" असे सांगतो. म्हणजे पंखे फिरले तेव्हा बटण, मदरबोर्डचा तेवढा भाग आणि एसएमपीएस हे तिघे एकमेकांशी बोलत होते. मग प्रोसेसर का उठत नव्हता? प्रोसेसरला वीज वेगळ्या वायरने मिळते. 24 पिनांचा मोठा कनेक्टर वेगळा आणि प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा वेगळा. हा दुसरा राहिला तर नेमके हेच दिसते: पंखे फिरतात, स्क्रीन काळा.

मागचे बटण बंद केले, प्लग काढला आणि टॉर्च घेऊन पाहिले. ती वायर मदरबोर्डच्या मागे, केबल टायने बांधलेल्या जुडग्यात अडकलेली होती. सोडवून बसवली, क्लिक असा आवाज आला. नंतर स्क्रीनही आला. आत्या म्हणाली, "अरे, एवढंच होतं?" हो, एवढेच होते.

झिणझिण्यांचे प्रकरण मात्र एवढे सोपे नव्हते, आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. एसएमपीएसच्या आत, विजेतला गोंधळ गाळण्यासाठी, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून लोखंडी बॉडीपर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून झिरपणारी किंचितशी वीज अर्थच्या वायरने जमिनीत जायची असते. अर्थ नसेल तर बॉडी साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. म्हणजे एसएमपीएस अगदी ठणठणीत असूनही हे होते. मेकॅनिकने आणखी दोन एसएमपीएस बदलले असते तरी तेच झाले असते. आणि उद्या खरोखरच आतली फेज बॉडीला लागली तर ती वाहून न्यायला कोणी नाही. फ्यूज उडणार नाही, माणूस सापडेल.

आपल्या तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते, हे किती जणांना माहीत आहे? प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. पण जुन्या घरांत त्या वरच्या भोकामागे कधीकधी वायरच नसते. आत्याच्या घरी वायरमन आले. त्यांनी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावला. अर्थ चांगली असती तर बल्ब लखलखीत पेटला असता. तो पेटलाच नाही. अंगणात खड्डा खणून नवी अर्थिंग करावी लागली, खर्च एसएमपीएसपेक्षा जास्त आला. झिणझिण्या त्याच दिवशी थांबल्या. मुलीचा फॉर्मही वेळेत गेला.

कोणी म्हणेल, नवा भाग खराब निघत नाही का? निघतो. इलेक्ट्रॉनिक वस्तू जास्त करून अगदी नव्या असताना किंवा अगदी जुन्या झाल्यावर बिघडतात. बिघाडांचा आलेख आंघोळीच्या टबासारखा दिसतो, दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये सपाट. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1952 साली लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या भरवशाचा अभ्यास करायला खास गट नेमला होता, म्हणजे हा प्रश्न सैन्यालाही भेडसावलेला आहे. त्यामुळे "नवा आहे म्हणजे चांगलाच" हे चूक आणि "नवा बसवल्यावर बिघडले म्हणजे नवाच खराब" हेही चूक. तपासल्याशिवाय काही कळत नाही.

तपासणेही फार अवघड नाही. एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवून हिरवी आणि एक काळी वायर पेपरक्लिपने जोडली की तो एकटा सुरू होतो. मग मल्टिमीटरने पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6 आणि लाल वायरवर 4.75 ते 5.25 व्होल्ट यायला हवेत. नुसता पंखा फिरला नाही म्हणून तो मेला असे समजू नये, कारण काही नव्या एसएमपीएसचा पंखा लोड कमी असताना थांबूनच राहतो. शिवाय ही परीक्षा लोडशिवायची आहे. इथे पास झालेला एसएमपीएस काम पडल्यावर नापास होऊ शकतो. आणि एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो प्लग काढल्यानंतरही काही वेळ टिकतो.

एनसीसीत रायफल अडकली तर काय करायचे याचा क्रम आम्हाला पाठ असतो. कोणी सरळ "बॅरल बदला" म्हणत नाही. कॉम्प्युटरच्या तासाला मात्र आम्ही फक्त चालू मशीनवर बसतो. बंद पडलेल्यावर कागद चिकटतो आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. जबलपुरात लष्कराचे सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे. सिग्नल कोअरमध्ये जायची स्वप्ने पाहणारे आमच्या वर्गात निदान चार जण आहेत. त्यांनी बिघाड शोधायला कधी शिकायचे?

विजेशी खेळ नको, अशी पालकांची काळजी मला समजते. पण वायर हरवली आहे का, कनेक्टर नीट बसला आहे का, कोणती गोष्ट सर्वांत शेवटी बदलली, ही बहुतेक तपासणी प्लग काढूनच करायची असते. सॉकेटला हात वायरमनच लावतील. म्हणून सरांना माझी विनंती आहे. भंगारात जाणारे एक कॅबिनेट आणि एक मल्टिमीटर लॅबमध्ये ठेवा. शनिवारी दोन तास आधी त्यात तुम्हीच एक बिघाड करून ठेवा. तो काय आहे हे आम्हाला सांगू नका, आणि सुटा भाग एकही देऊ नका.