तोंड रस्त्याकडे

दिवाळी सरली की आमच्या घरातली एक खोली दर आठवड्याला लहान होत जाते. एरवी ती बारा फूट रुंद असते. बांधीतलं धान चुरून घरी यायला लागलं की एका भिंतीला भरलेल्या पोत्यांची, म्हणजे कट्ट्यांची थप्पी चढते आणि खरेदी केंद्रावर आपला नंबर लागेपर्यंत जेमतेम आठ फूट जागा मोकळी राहते. त्याच खोलीत माझी बुलेट असते. धान आणि गाडी एकाच छपराखाली, हे चित्र गोंदिया जिल्ह्यात नवं नाही. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचाच आहे. इथल्या घरात आधी धानाची सोय होते, मग बाकी सगळ्याची.

आजच्या साडेतीनशे सीसी बुलेटचं वजन 195 किलो आणि लांबी सात फुटांच्या आसपास. हँडल पूर्ण वळवून, ढकलत, एका दमात तिचं तोंड फिरवायचं तर चौदा-पंधरा फूट मोकळी जागा हवी. बारा फुटांत तीन-चार वेळा मागेपुढे करून जमतं. आठ फुटांत मात्र हँडल कितीही वळवा, गाडी कट्ट्यांना तरी टेकते, नाहीतर भिंतीला. पन्नासच्या दशकात आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ही गाडी घेतली आणि 1955 साली ती बनवणारी एन्फिल्ड इंडिया मद्रासला उभी राहिली. मोकळ्या रस्त्यासाठी घडलेली ही गाडी आपण कोठाराच्या खोलीत उभी करतो.

गेल्या डिसेंबरातल्या एका रात्री आईला दम लागला. दवाखाना सात किलोमीटरवर. गाडी मी संध्याकाळी सरळ आत घातली होती, तोंड भिंतीकडे. घाईत हँडल पूर्ण डावीकडे वळवून मी गाडी पुढेमागे करू लागलो. चाक कट्ट्याला लागणार असं दिसताच पुढचा ब्रेक कचकन दाबला आणि गाडी माझ्याच अंगावर आली. नडगी खाली सापडली. बायको आणि शेजारचा मुलगा धावत आले, दोघांनी गाडी उचलली. आई बाहेर खाटेवर बसून श्वास ओढत होती. खोलीतून गाडी बाहेर यायला पंधरा मिनिटं लागली. आई वाचली, आता बरी आहे. पण ती पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही.

पुढच्या आठवड्यात कट्टे न्यायला ट्रॅक्टर आला. त्याच्यासोबत एक वयस्क हमालकाका होते, अंगाने माझ्या निम्मे. माझं लंगडणं पाहून त्यांनी कारण विचारलं आणि ऐकून घेतल्यावर म्हणाले, ‘भाऊ, गाडीचं वजन गाडीलेच पेलू द्या. तुमी फक्त तोल धरा.’

त्यांचं म्हणणं मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. गाडी सरळ उभी असते तेव्हा सगळा भार दोन चाकांवर असतो आणि हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य हँडलच्या निम्म्या उंचीवर धरला तर दहा अंश कललेली गाडी हँडलवर सतरा किलोच्या आसपास ओढ देते. वीस अंशांना ती तेहतीस होते आणि पंचविसाला चाळीसच्या वर जाते. खरेदी केंद्रावरचा धानाचा कट्टा चाळीस किलोचा असतो. म्हणजे गाडी थोडी जास्त कलली की वाकलेल्या कमरेने, पसरलेल्या हातांनी आपण एक भरलेला कट्टा तोलून धरलेला असतो. तिथे जोर करणारा हरतोच. शहाणपण त्याच्या आधी, पहिल्या पाच अंशांत असतं.

म्हणून उभं राहायचं डाव्या बाजूला, जिकडे साइड स्टँड आहे तिकडे. गाडी न्यूट्रल, इंजिन बंद. उजवी कंबर टाकीच्या मागे सीटला टेकलेली, गाडीचा कल किंचित आपल्याकडे. पलीकडे कललेली गाडी ओढून धरता येत नाही, अलीकडे कललेली कमरेवर घेता येते. दोन्ही हात हँडलवर, उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर. पावलं छोटी. आणि थांबायचं असेल तर आधी हँडल सरळ, मग हलका ब्रेक. हँडल वळलेलं असताना पुढचं चाक एकदम अडलं की गाडी वळलेल्या बाजूला पडते. त्या रात्री नेमकं हेच झालं होतं.

आठ फुटांत तोंड फिरवण्याची युक्तीही काकांनीच दाखवली आणि ती त्यांच्या धंद्यातलीच होती. खोलीची फरशी गुळगुळीत सिमेंटची आहे. त्यांनी एका रिकाम्या बारदान्याची चौपदरी घडी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर गाडी डबल स्टँडला लावली. दुसरा बारदाना पुढच्या चाकाखाली सारला. मग एक जण हँडलशी, एक मागच्या कॅरिअरशी. पुढचा एका बाजूला सरकवतो, मागचा दुसऱ्या बाजूला आणि गाडी जात्याच्या वरच्या तळीसारखी जागच्या जागी फिरते. एकच पथ्य: गाडीला पुढच्या दिशेने रेटा बसू द्यायचा नाही. पुढे रेटली की डबल स्टँड मिटतो. मातीच्या जमिनीत हे चालत नाही, स्टँड रुततो. तिथे आधी जाड फळी टाकावी लागते. नुसत्या साइड स्टँडवर सगळा भार देऊन गाडी गरकन फिरवणारे मी पाहिले आहेत. पण एवढ्या जड गाडीचा तो पाय त्यासाठी केलेला नाही, आणि तो वाकला तर गाडी थेट पायावर येते.

हे सगळं शिकल्यावर मला आजोबांची बैलबंडी आठवली. शेतातून कितीही उशिरा आले तरी ते बैल सोडण्याआधी अंगणात बंडी वळवून घ्यायचे. जू रस्त्याकडे. बैल जुंपलेले असताना बंडी वळवणं हे दोन हाकांचं काम, बैल सुटल्यावर त्यालाच चार माणसं लागतात. लहानपणी मला वाटायचं, थकून आलेल्या माणसाने आधी पाणी प्यावं, बंडी काय सकाळीही वळेल. रात्री-बेरात्री घरातून निघावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. ते मला कळायला आईची ती रात्र यावी लागली.

आता मी गाडी अंगणातच वळवतो. तिथे जागा असते, उजेड असतो, इंजिनाची ताकद असते. मग उंबरठ्याला लावलेल्या फळीवरून ती मागच्या चाकाने आत घेतो. मुलगी मागून हात लावते, कारण चढावर गाडी मागे नेणं हे एकट्याचं काम नाही. पाऊस असला किंवा अंगणात पुंजणं, तणस पसरलेलं असलं तर आत बारदाना आहेच.

यंदा कट्टे यायच्या आधीच मी खोलीच्या फरशीवर चुन्याची एक रेघ मारली. थप्पी त्या रेघेच्या अलीकडे येणार नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवलं. परवा पहिला ट्रॅक्टर रिकामा झाला तेव्हा आई स्वतः काठी टेकत येऊन उभी राहिली. शेवटचा कट्टा रेघेवर आला होता. तिने तो मागे सरकवायला लावला आणि मगच ती आत गेली.