ताटाच्या डाव्या बाजूचे बळ

गेल्या उन्हाळ्यात करकंबच्या माझ्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. गळ्यात तुळशीची माळ. "डॉक्टर, हात टेकल्याबिगर उठता येईना, मांड्यांत जीवच न्हाई," ही तक्रार. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सारे ठीक होते. मी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "डाळी-कडधान्ये खा" असे सांगून मोकळा झालो. दोन महिन्यांनी आजी न्हाणीत पडल्या. हाड वाचले, हे नशीब. तेव्हा कुठे मी त्यांच्या सूनबाईंना विचारले, "आजी दिवसभरात नेमके काय खातात?" सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पातळ आमटीत कुस्करलेली भाकरी, रात्री थोडा दूधभात. दात नसल्याने उसळ चावत नव्हती. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

वय वाढते तसे स्नायू झिजतात. ती झीज आवरण्यासाठी प्रथिने आणि हालचाल, दोन्ही लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे पन्नास किलोच्या आजींना किमान पन्नास ग्रॅम. पंढरीच्या छायेतील माळकरी घरांत अंडी-मटणाचा सल्ला देण्यात अर्थ नाही, आणि त्याची गरजही नाही. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठापासून वड्या करतात. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीच्या दुपटीहून अधिक, आणि प्रतही उत्तम. अडचण असते ती चावण्याची आणि वासाची. त्यासाठी ही कोशिंबीर.

दोन माणसांसाठी तीस ग्रॅम बारीक वड्या उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून आठ-दहा मिनिटे शिजवाव्यात. गार पाण्यात दोनदा धुऊन घट्ट पिळाव्यात. उग्र वास त्या पाण्याबरोबर जातो. मग विळीवर अगदी बारीक चिराव्यात किंवा मिक्सरमधून क्षणभर फिरवाव्यात. त्यात किसलेली काकडी, बिया काढून बारीक चिरलेला टोमॅटो, वाटीभर ताजे गोड दही, दोन मोठे चमचे दाण्याचे बारीक कूट, कोथिंबीर आणि बेताचे मीठ घालावे. वरून जिरे-हिंगाची फोडणी. कांदा नसला तरी काही अडत नाही. वड्या दही शोषून घेतात, म्हणून दहा मिनिटे मुरू द्यावे व लागल्यास आणखी दही घालावे. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-अकरा ग्रॅम प्रथिने येतात. उन्हाळ्यात दुपारची कोशिंबीर रात्रीपर्यंत ठेवू नये.

आता काही पथ्ये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी आणि ती व सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे गोळीचे शोषण कमी होते. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर हा पदार्थ तज्ज्ञांच्या सल्ल्याविना देऊ नये. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी, म्हणजे पोट फुगत नाही. सोयाबीनमधून बी-१२ जीवनसत्त्व मिळत नाही. शाकाहारी ज्येष्ठांनी, विशेषतः मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, ते तपासून घ्यावे.

आजींच्या ताटात आता आठवड्यातून तीन-चार वेळा ही कोशिंबीर असते. इतर दिवशी घट्ट वरण, दही, मऊ शिजवलेली मूग उसळ. एकादशीला ती नसते, तेव्हा दूध आणि दाण्याची आमटी. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणेही सुरू आहे. तीन महिन्यांनी त्या माझ्यासमोर हात न टेकता उठल्या.

आपल्या ताटात डावी बाजू चवीपुरती मानली जाते. घरातल्या ज्येष्ठांसाठी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. आणि "जेवलात का?" एवढेच विचारून थांबू नका, "काय जेवलात?" हेही आजच विचारा.