एकच नाव, तेही कंसात? लॉगिनमधला एक छुपा घोळ

आज बहुतेक अ‍ॅप ‘गूगलने साइन इन करा’ असं बटण देतात. ते दाबलं की पडद्यामागे एक टोकन फिरतं, त्याला जेडब्ल्यूटी म्हणतात. आत साधा जेसन मजकूर आणि शेवटी डिजिटल सही. त्यातला ‘ऑड’ हा रकाना सांगतो की टोकन नेमकं कोणत्या अ‍ॅपसाठी आहे. तो नीट तपासला नाही तर एका अ‍ॅपला दिलेलं टोकन दुसऱ्या अ‍ॅपमध्येही चालून जाईल. (पत्रिका एका हॉलची, जेवण शेजारच्या हॉलमध्ये!)

मे 2015 च्या आरएफसी 7519 या मानकात ‘ऑड’ ही मुळात यादी आहे. पण नाव एकच असेल तर चौकोनी कंस न लावता नुसती स्ट्रिंग दिली तरी चालते. म्हणजे ["दुकान"] आणि "दुकान" दोन्ही बरोबर. आपल्याला दोन्ही सारखंच वाटतं, कोडसाठी ते दोन वेगळे टाइप असतात. मला ही सवलत पहिल्यापासून खटकते.

2020 मध्ये तिचा फटका नोंदला गेला. गो भाषेतली जेडब्ल्यूटी-गो ही लोकप्रिय लायब्ररी ‘ऑड’ स्ट्रिंगच आहे असं धरून वाचायची. यादी आली की वाचन फसायचं, पण तक्रार कुठेच नाही. हाती यायची रिकामी स्ट्रिंग. आणि ‘हा रकाना हवाच’ अशी सक्ती प्रोग्रामरने केली नसेल तर रिकामं म्हणजे पास! ही त्रुटी म्हणजे सीव्हीई-2020-26160.

तिचं काम पुढे नेणारी गोलँग-जेडब्ल्यूटी दोन्ही रूपं वाचते. लिहिण्यासाठी तिच्यात ‘मार्शल सिंगल स्ट्रिंग अ‍ॅज अ‍ॅरे’ नावाचा स्विच आहे. तो आधीपासूनच चालू असतो, त्यामुळे एकच नाव असलं तरी यादीच बाहेर पडते. समोरच्याला स्ट्रिंगच हवी असेल तर तो बंद करायचा. मला हे माहीत नव्हतं. लायब्ररी अपडेट केली, टेस्ट पास झाल्या, आणि रात्री माझ्या छोट्या अ‍ॅपमध्ये कुणालाच लॉगिन होईना. टोकन पडताळणारा माझाच जुना कोड स्ट्रिंगची वाट बघत बसलेला.

जावास्क्रिप्टवाल्यांनी हसू नये. तिथलं ‘इन्क्लूड्स’ यादीवर चालवलं तर पूर्ण नाव जुळावं लागतं. स्ट्रिंगवर चालवलं तर नुसता तुकडा जुळला तरी ‘हो’ म्हणतं. मग ‘दुकान-टेस्ट’साठीचं टोकन ‘दुकान’मध्येही खपतं. एरर येत नाही, म्हणून संशयही येत नाही. आधी अ‍ॅरे आहे का बघा, नसेल तर स्ट्रिंग अ‍ॅरेत घाला आणि मगच नाव शोधा. एका ओळीचं काम आहे. माझ्या कोडमध्ये ती ओळ त्या रात्रीनंतर आली.