दाण्याला मोड, घराला सवड

रविवारी दुपारच्या जेवणात वालाचे बिरडे हवे असेल, तर वाल शुक्रवारी रात्रीच भिजत घालावे लागतात. या वेळापत्रकात कोणालाही सवलत नाही. जास्त पैसे मोजले किंवा मोठ्या आचेवर पातेले ठेवले म्हणून दाण्याला मोड लवकर फुटत नाही. स्वयंपाकघरातील बहुतेक कामे आपण आता मिनिटांवर आणून ठेवली आहेत. कडधान्याला मोड आणण्याचे काम मात्र अजूनही रात्र आणि दिवस याच मापाने चालते. म्हणूनच, वाचकहो, घरचे साधे वनस्पतिजन्य अन्न आणि घरातील सावकाशी यांविषयी लिहिताना मोडाच्या फडक्यापासूनच आरंभ करावासा वाटतो.

कोरडा दाणा म्हणजे झोपी गेलेले रोप. पाणी मिळाले की ते जागे होते आणि अंकुरासाठी राखून ठेवलेली शिदोरी सोडू लागते. कडधान्यात लोह आणि जस्त असते, पण त्याचा बराचसा भाग फायटिक आम्लाने बांधून ठेवलेला असल्यामुळे आपल्या आतड्यांना तो सहज शोषून घेता येत नाही. मोड येताना दाण्यातील फायटेज हे विकर कामाला लागते आणि ती गाठ काही प्रमाणात सैल करते. पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही भिजवण्याने आणि मोडाने कमी होतात. कडधान्ये भिजवलेले पाणी टाकून द्यावे, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, त्यामागचे एक कारण हेच. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नाममात्र असते, ते मोडाबरोबर तयार होऊ लागते. मोड आल्याने प्रथिने दुप्पट-चौपट होतात, असे मात्र जे सर्रास सांगितले जाते, ते मनावर घेऊ नये. दाणा पाणी पिऊन फुगतो आणि त्याचे वजन वाढते. प्रथिने काही हवेतून येत नाहीत.

क जीवनसत्त्वाचा स्वभाव नाजूक आहे. शिजवताना त्यातील बराच भाग नाहीसा होतो. तेव्हा उसळ चुलीवरून उतरवल्यानंतर, पानात वाढताना तिच्यावर लिंबू पिळावे. वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीरात मुरण्यास त्याची चांगली मदत होते. जेवण झाल्याबरोबर चहाचे आधण ठेवण्याची आपल्याकडील सवय नेमकी याच्या उलट काम करते, कारण चहातील टॅनिनसारखी द्रव्ये हेच लोह अडवून धरतात. चहा सोडा असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात ते म्हणून उपयोगही नाही. जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवले तरी पुरे.

आता प्रत्यक्ष कृती. कडधान्य निवडून, तीन-चार वेळा स्वच्छ धुऊन, भरपूर पाण्यात आठ ते दहा तास भिजवावे. नंतर पाणी पूर्ण निथळून दाणे ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधावेत आणि ते गाठोडे चाळणीत ठेवून वर झाकण घालावे. जुन्या पंचाचा किंवा धुवट सुती साडीचा तुकडा या कामाला नव्या कापडापेक्षा बरा. तो पाणी धरून ठेवतो आणि हवाही खेळू देतो. उन्हाळ्यात मूग आणि मटकी बारा तासांत मोड दाखवतात. थंडीत त्यांनाही एक पूर्ण दिवस लागतो, मग गाठोडे उबदार कोपऱ्यात, कणकेच्या डब्यामागे किंवा घोंगडीच्या घडीत ठेवावे. हरभरा, वाटाणा आणि वाल यांना अधिक धीर द्यावा लागतो. काही दाणे मात्र कितीही भिजवले तरी टणकच राहतात. मराठीत त्यांना गणंग म्हणतात, आणि हा शब्द आपण माणसांनाही मोकळेपणाने लावतो. ते वेचून काढावेत, एरवी दाताखाली येऊन घात करतात.

पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला औषध लावलेले असू शकते. ते चुकूनही खाण्यासाठी भिजवू नये. मोड बुळबुळीत झाले किंवा त्यांना आंबूस वास आला, तर ते धुऊन वापरण्याचा मोह टाळून सरळ टाकून द्यावेत. ज्या ओलाव्यात आणि उबेत मोड वाढतात, त्याच ओलाव्यात जिवाणूही वाढतात. त्यामुळे गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि दुर्बल प्रकृतीची माणसे यांनी कच्चे मोड खाऊ नयेत. चांगली वाफ काढूनच खावेत. राजमा तर कोणीच कच्चा खाऊ नये. मोड आणलेला असला तरी त्यातील विषारी द्रव्य चांगले खळखळून उकळल्याखेरीज जात नाही.

आता वाल. रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेतातच पोपटी लावतात आणि सारे घर, शेजारपाजारच्या मंडळींसह, जाळाभोवती बसते. पुढे हेच वाल सुकवून वर्षभर डब्यात राहतात. त्यांतले कडवे वाल चवीला सरस, हे कोकणातील माणसाला सांगावे लागत नाही.

मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातले की साल सुटू लागते. दाणा अंगठा आणि तर्जनी यांत धरून हलकेच दाबला की सालीतून डाळिंबी सुळकन बाहेर येते. एका परातीत सोललेली डाळिंबी, दुसरीकडे साली, मध्ये पाण्याचे पातेले. किलोभर वाल एकट्या माणसाने सोलायचे म्हटले तर पाठ धरते, बोटांची टोके सुरकुततात आणि बिरड्याविषयी मनात कडवटपणा येतो. तेच काम चार जणांनी परातीभोवती बसून केले तर अर्ध्या-पाऊण तासात उरकते. गंमत अशी की हात गुंतलेले असतात, डोळे आणि कान मात्र मोकळे असतात. ओल्या बोटांनी मोबाईल हाताळता येत नाही, हाही एक उपकारच. अशा वेळी मुले आपण होऊन शाळेतील गोष्टी बोलू लागतात. समोरासमोर बसवून विचारल्या असता ज्या त्यांनी सांगितल्या नसत्या, त्या सांगतात. आजोबांना दृष्टी अधू असली तरी चालते, हे काम स्पर्शाने होते. पाच वर्षांच्या मुलालाही ते जमते. त्याची निम्मी डाळिंबी मोडते, त्यावर कोणी बोलू नये.

शिजवणे त्यामानाने सोपे. तेलात मोहरी, हिंग आणि हळद यांची फोडणी करून त्यावर डाळिंबी घालावी आणि वर ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर वाफ काढावी. ताटलीतील पाणी गरम झाले की तेच थोडेथोडे आत घालावे. गार पाणी घातले तर डाळिंबी दडदडीत राहते. ती मऊ झाल्यावरच आमसूल, गूळ आणि मीठ घालावे, कारण आंबट आधी पडले तर दाणा शिजण्यास अडून बसतो. शेवटी तिखट, गोडा मसाला, ओले खोबरे आणि कोथिंबीर. डाव फार फिरवू नये, पातेलेच धरून हलवावे. बरोबर तांदळाची भाकरी किंवा भात. कडधान्यातील प्रथिनांत जे कमी पडते ते धान्यातून मिळते आणि धान्यात जे उणे असते ते कडधान्य भरून काढते. दोन्ही एकाच घासात असण्याचीही गरज नाही, दिवसभराच्या आहारात दोहोंचा समावेश असला म्हणजे झाले.

येथवर सारे सुखावह आहे. पण सावकाश जगण्याविषयी लिहिणाऱ्यांनी एका प्रश्नाला बगल देऊ नये, असे मला वाटते. घरातील ही सावकाशी नेमकी कोणाच्या लगबगीवर उभी आहे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांसाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात अशी कामे करणारे पुरुष होते शंभरात सुमारे २६. पाच तास आणि दीड तास यांतील हे अंतर लक्षात न घेता 'घरचे ताजे अन्न खा' असा उपदेश करणे म्हणजे त्या पाच तासांत आणखी अर्ध्या तासाची भर घालणे होय.

मोडाच्या बाबतीत एक गोष्ट जमेची आहे. या कामाला वेळ पुष्कळ लागतो, कष्ट थोडे लागतात, आणि ते तुकड्यातुकड्यांत विभागलेले आहेत. भिजत घालणे दोन मिनिटांचे, निथळून बांधणे पाच मिनिटांचे. रात्री दिवे मालवण्यापूर्वी भिजत घालण्याचे काम घरातील पुरुषाने कायमचे आपल्याकडे घ्यावे. 'मी मदत करतो' या शब्दांत नव्हे. ते त्याचेच काम असावे, आठवणही त्याचीच. कारण शिजवण्याहून अधिक थकवा पुष्कळदा उद्या काय करायचे हे सतत डोक्यात वागवण्याने येतो, आणि तो कोणत्याही पाहणीत मिनिटांनी मोजला जात नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आहेत; याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. याची कारणे अनेक आहेत. मासिक पाळी आणि बाळंतपणे यांमुळे स्त्रीची लोहाची गरजच अधिक असते. ज्याची गरज अधिक त्याला वाढावे अधिक, हा साधा हिशेब झाला. प्रत्यक्षात आपल्या पुष्कळ घरांत उसळीच्या पातेल्यातील दाणे आधी बसणाऱ्यांच्या पानांत जातात आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला तळाचा रस्सा येतो. ती तक्रार करीत नाही. 'मला रस्साच आवडतो' असेही सांगते, आणि घरातील मंडळी त्यावर विश्वास ठेवतात. हे वाचून आपल्याला कोणाची आठवण झाली असेल, तर आज रात्री पातेल्याकडे लक्ष ठेवावे.

तव्यावरची पोळी थेट पानात हवी, हा आपल्या जेवणातील मोठा मानाचा विषय. पण त्या मानासाठी एक व्यक्ती शेवटपर्यंत चुलीपाशी उभी राहते आणि नंतर एकटी जेवते. पोळ्या किंवा भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या, पातेली मध्ये ठेवली आणि सर्वांनी एकदम बसून आपापले वाढून घेतले, तर पोळीची वाफ थोडी जाईल. त्या बदल्यात दाणे कोणाच्या वाटीत किती पडले, हे साऱ्यांना दिसेल. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

दाणे किती असावेत? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरींच्या शाकाहारी आहारासाठी दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचवली आहेत. हे वजन कोरड्या दाण्याचे आहे. चार प्रौढ माणसांच्या घराला ते रोज ३४० ग्रॅम होते. आमटीसाठी मूठभर डाळ घेणाऱ्या घरांनी आपला डबा महिन्याला किती किलोने रिकामा होतो, हे एकदा पाहावे. किराणा मालाची यादी याबाबत खोटे बोलत नाही.

मात्र मोडाकडून अशक्य अपेक्षा ठेवू नयेत. ज्यांना धाप लागते, सतत थकवा असतो किंवा चेहरा फिकट दिसतो, त्यांनी रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. रक्तक्षय एकदा झाल्यावर नुसत्या उसळीने तो भरून निघत नाही. तसेच ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, मोड आणूनही नाही. दूध, दही, ताक घेणाऱ्यांना ते थोडेफार मिळते. ज्यांनी दुग्धजन्य पदार्थही सोडले आहेत, त्यांनी ब-१२ डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे. त्याच्या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, पुढे मज्जातंतूंची हानी होते, आणि उशीर झाला तर ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

घरात दात नसलेली वृद्ध मंडळी किंवा नुकतेच अन्न खाऊ लागलेले बाळ असेल, तर मोडाचे मूग पूर्ण मऊ शिजवून, घोटून, गाळून त्याचे कढण करावे. मोठ्यांसाठी जिरे, मीठ आणि तुपाचा थेंब. वर्षाच्या आतील बाळाला मीठ घालू नये. उसळ उरली तर ती झाकून शीतकपाटात ठेवावी आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा चांगली उकळून, वर कांदा-लिंबू घालून तिची मिसळ करावी. फरसाण थोडेच.