प्रयोगशाळेला मिळते ती हवा घराला का नाही?

आम्ही आर्किटेक्ट आहोत. औषधे, लसी आणि रोगाच्या तपासण्या जिथे होतात त्या इमारतींचे नकाशे काढणे हे आमचे काम. वस्तीत हे सांगितले की लोक विचारतात, "म्हणजे दवाखाने बांधता का?" तसे नाही. दवाखान्यात तुम्ही बेडका देता, तो पुढे ज्या खोलीत तपासला जातो ती खोली आम्ही आखतो.

त्या खोलीत सगळा खेळ हवेचा. टीबीचे जंतू हवेतून पसरतात. तपासणीसाठी ते वाढवले जातात, तेव्हा तिथे काम करणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. म्हणून आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी ठेवायचा. दार उघडले तरी हवा आतच ओढली जाते, जंतू बाहेर येत नाहीत. मध्ये एक छोटी खोली आणि दोन दारे. एक लागल्याशिवाय दुसरे उघडत नाही. टीबीच्या प्रयोगशाळेत तासाला ६ ते १२ वेळा सगळी हवा बदलावी, असा दंडक आहे. म्हणजे पाच-दहा मिनिटांत खोलीत नवी हवा. लस भरायच्या खोलीत हेच उलटे करतो, दाब जास्त ठेवतो, कारण तिथे लसीला माणसापासून जपायचे असते. कोणाला कोणापासून वाचवायचे हे ठरल्याशिवाय आम्ही पेन्सिल उचलत नाही.

घरांचे नकाशे काढताना हा प्रश्न कोण विचारतो?

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींचा एक अभ्यास २०१८ साली पुढे आला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत अंतर जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. जवळच्याच पीएमजी कॉलनीत इमारती मोकळ्या आहेत. टीबीचे रुग्ण या दोन कंपाउंडांत पीएमजीपेक्षा कितीतरी जास्त सापडले. तरी टीबी झाला की आपल्याच माणसाला ऐकवले जाते, नीट खात नाही, घाणीत राहतो. खाणे महत्त्वाचे आहेच. पण नकाशातली चूक रोग्याच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही.

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेची यंत्रे गरिबाच्या घरात कशी बसवणार? बसवायचीच नाहीत. समोरासमोर दोन खिडक्या आणि इमारतींत मोकळी जागा एवढे पुष्कळ झाले. हवेला यायला वाट लागते तशी जायलाही लागते. नकाशा कागदावर असताना हे खोडरबरचे काम आहे. इमारत उभी राहिली की भिंत फोडावी लागते, आणि शेजारची इमारत तर हलवताच येत नाही.

बिल्डरचा माणूस संमतीच्या सह्या घ्यायला विहारात येतो, तेव्हा आपण चौरस फूट आणि लिफ्ट विचारतो. त्या बरोबरीने विचारा: दोन विंगमध्ये किती मीटर अंतर? पहिल्या मजल्याची खिडकी कुठे उघडते, मोकळ्यावर की डक्टमध्ये? तो डक्ट वर उघडा आहे ना? जिन्यात, पॅसेजमध्ये वारा येतो का? उत्तर तोंडी घेऊ नका, नकाशावर बोट ठेवून घ्या.

नकाशा वाचता येत नाही म्हणून गप्प बसू नका. पूर्ण मापे असलेली प्रत मागून ठेवा आणि मासिकाकडे निरोप द्या. रविवारी आमच्यापैकी कोणीतरी येऊन सोबत बसेल.